अंमल

पेशव्यांचा अंमल आणि अफूचा अंमल, या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द योजावा, हा निव्वळ योगायोग मानण्यास माझे मन धजत नाही. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फिन निराळे काढले; १८९८ साली त्याचेच एक रासायनिक रूपांतर बायर कंपनीने 'हेरॉईन' या नावाने खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले; आणि १९८० नंतरच्या दशकात त्याचाच अशुद्ध, तपकिरी अवतार 'गर्द' होऊन मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांत चांदीच्या कागदावर धुमसू लागला.

खसखशीच्या बोंडातील चिकाने मनुष्याच्या मेंदूवर हुकूम चालवावा तो कोणत्या अधिकाराने, याचा उलगडा व्हावयास १९७३ साल उजाडले. अफूचे रेणू ज्यांत नेमके बसतात अशी ग्राहके मेंदूतील पेशींवर त्या वर्षी आढळली आणि दोनच वर्षांनी ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच निर्माण करीत असलेली वेदनाशामक द्रव्ये शोधून काढली. ही घरची अफू मेंदू गुंजेगुंजेने खर्च करतो. गर्द मात्र पुरासारखा येतो, त्यामुळे ग्राहके बधिर होतात, कालची मात्रा आज पुरेनाशी होते, आणि शरीराला सावध ठेवणाऱ्या ज्या पेशी गर्दाने दडपलेल्या असतात त्या त्याच्याशी झुंजत अधिकाधिक जोराने काम करू लागतात. अशा वेळी पुरवठा तुटला म्हणजे त्यांना आवर घालणारे कोणी उरत नाही. नाक-डोळे वाहू लागतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा उठतो, हाडे ठणकतात, झोप उडते. व्यसनी मुले या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. या अवस्थेतील मुलगा सुखासाठी नव्हे, टर्की टळावी एवढ्यासाठीच पुडी शोधत असतो, आणि त्याला आपण चारित्र्यहीन म्हणतो, हा आपला घोर अन्याय आहे.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अफूवर्गीय द्रव्यांच्या सेवनाने ज्यांना उपचारांची वा मदतीची निकड आहे अशांची संख्या सुमारे ७७ लक्ष आढळली. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, ते १९८० नंतरच्या गर्दाच्या वणव्यात.

टर्कीचा भर आठ-दहा दिवसांत ओसरतो आणि घरची मंडळी निःश्वास टाकतात. परंतु एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगितली पाहिजे. उपचारांच्या काळात शरीर आपली सहनशक्ती हरवून बसलेले असते, म्हणून पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली असता श्वासाचे नियमन करणारे मेंदूतील केंद्र मंदावून मृत्यू ओढवू शकतो. नॅलोक्झोन हे उतारा-औषध वेळीच दिले गेले, तर अशा वेळी आशा असते. आणि पुन्हा घेण्याचा मोह तरी किती क्षुल्लक निमित्ताने जागा व्हावा! महिनोन्महिने स्वच्छ राहिलेला मुलगा जुन्या नाक्यावरून जातो, कुणाच्या हातात चांदीचा कागद चमकतो, आणि शरीरात द्रव्याचा लवलेशही नसताना त्याच्या पोटात तोच जुना मुरडा उठतो.