मोटारीच्या ॲक्सलला निपल नसतं!



ट्रॅक्टर-ट्रॉलीची निगा आपल्याला नव्याने सांगायला नको. पी.टी.ओ. शाफ्टच्या क्रॉसला निपल असतं. ग्रीसगन लावून चार दाब मारले की काम झालं. पण आता पुष्कळांच्या दारात मोटारही उभी असते. १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हापासून पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आपल्याकडे रुळल्या. त्यांच्या ॲक्सलच्या जोडाला निपल नसतं, म्हणून त्याची आठवणच राहत नाही आणि खर्च वाढतो.

जोड वेगळा का?

क्रॉसचा जोड कोनात फिरला की एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही. तिथे साधा क्रॉस घातला तर वळणावर हिसके बसणारच. यावर फोर्ड कंपनीतील इंजिनिअर आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात तोड काढली. आत खाचांचा गोळा, बाहेर खाचांची वाटी, मध्ये पिंजरा आणि त्यात सहा छर्रे. चाक कितीही वळलं तरी छर्रे कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून वेग एकसारखा मिळतो. १९५९ साली इंग्लंडच्या मिनी मोटारीत हा जोड बसला आणि पुढे सगळीकडे पसरला.

या जोडाचं सगळं संरक्षण एका रबरी बुटावर आहे. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, पाणंदीतला चिखल आत जातो आणि माती छर्ऱ्यांना घासून खाते.

ओळखायचं कसं?

चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला समजावे. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना कट-कट आवाज आला तर चाकाकडचा जोड झिजला. वेग घेताना गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सकडचा जोडही तपासावा.

काम कसं करावं?

गाडी जमिनीवर असतानाच, एकाला ब्रेकवर बसवून हबचा नट सैल करावा. मग गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. गिअर ऑईल काढून ॲक्सल बाहेर घ्यावा, पट्ट्या तोडून बूट सरकवावा. काही कंपन्या चाकाकडचा जोड उघडू नका, खराब असल्यास पूर्ण बदला असंच सांगतात. आपल्या गाडीचं पुस्तक आधी पाहावं.

जिथे उघडता येतो तिथे गोळा, पिंजरा आणि वाटी यांवर आधी खुणा कराव्यात. झिजलेले भाग एकमेकांना सरावलेले असतात, ते जिथले तिथेच बसले पाहिजेत. पिंजरा तिरका करून एकेक छर्रा काढावा. सगळं रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडं करावं. खाचेत खड्डा किंवा पिंजऱ्याला तडा दिसला तर ग्रीसने काही भागत नाही, जोड बदलावा.

ग्रीस मात्र ट्रॉलीच्या डब्यातलं नको. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं. बुटाच्या किटमध्ये पुडी येते, ती सगळी वापरावी. खाचांत बोटाने दाबून, उरलेलं बुटात. पट्ट्या, सर्क्लिप आणि कॉटर पिन नवी घालावी. शेवटची पट्टी आवळण्याआधी बुटाची कड उचलून कोंडलेली हवा सोडावी. नट पुस्तकातल्या मापाने आवळावा आणि काढलेलं गिअर ऑईल भरायला विसरू नये.

दुर्लक्ष केलं तर?

जोड निखळला की सगळी ताकद त्याच मोकळ्या बाजूला जाते, इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याला निघालेल्या माणसाचं काय होईल, विचार करा. चढावर गिअरमध्ये लावलेली अशी गाडी घसरूही शकते; तिला फक्त हँडब्रेकचा आधार उरतो.

तेव्हा पावसाळा सरल्यावर आणि गळीत हंगाम संपल्यावर, वर्षातून दोनदा, बॅटरी घेऊन चाकांमागे वाकून चारही बूट बघावेत. फाटलेला बूट वेळीच बदलला तर थोडक्यात भागतं, नाहीतर अख्खा ॲक्सल घ्यावा लागतो.