कोर्टाची पायरी (भाग 9) : गणपतीत मूल कोणाकडे?

मागच्या भागात ताबा आणि भेटीचा हक्क पाहिला. पण हुकूम होऊन दोघे आपापल्या घरी गेले की खरा गुंता सुरू होतो. कारण हुकमातले कॅलेंडर कोर्टाचे असते, देवगडचे नसते. ‘पहिला व तिसरा रविवार, मे महिन्याची अर्धी सुट्टी, दिवाळीची अर्धी सुट्टी’ हा मजकूर साच्यातून काढल्यासारखा. आता बाप हापूसचा बागायतदार असेल तर मे महिन्यात त्याला पेट्यांतून डोके वर काढायला सवड नसते. ट्रॉलरवर जाणारा असेल तर त्याला मोकळीक 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत, म्हणजे नेमकी शाळा उघडताना. आणि ‘गणेश चतुर्थी वडिलांकडे’ असे लिहिताना घरचा गणपती दीड दिवसाचा की अकरा दिवसांचा, हे विचारायचे कोणाला सुचलेले नसते.

मग जामसंड्याहून आजीचा फोन येतो, “गणपतीक चेडवाक हडे धाड गो, दिवाळी तुज्याकडे करूंदे.” आई हो म्हणते. बरेच करते. आईबापांनी आपसात जमवून घेतले म्हणून सहसा कोणी न्यायाधीश रागावत नाहीत.

पण तोंडी बोलण्याने हुकूम बदलत नाही, तो आहे तसाच जिवंत राहतो. संबंध बिघडले की समजुतीने बदललेले तेच रविवार ‘भेट नाकारली’ म्हणून अर्जात येतात, अंमलबजावणीची दरखास्त होते, कधी अवमानाचाही अर्ज पडतो. उलटही घडते. ‘थोडे दिवस राहू दे’ म्हणून पाठवलेले मूल दोन वर्षे तिकडेच शिकले, तर रुळलेले आयुष्य मोडायचे का, हा प्रश्न न्यायालयापुढे येतो आणि मूळ ताबा जिच्याकडे होता तिचीच बाजू लंगडी पडते. चांगुलपणा ज्याने दाखवला त्यालाच त्याचा फटका बसतो. मला हे फार खटकते, पण मुलाचे हित आधी म्हटल्यावर इलाज नाही.

ताब्याचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हाही गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब खटल्यात असे हुकूम अंतिम नसतात असे म्हटले. 1997 च्या धनवंती जोशी विरुद्ध माधव उंदे निकालात पुढची अट स्पष्ट केली : परिस्थिती बदलल्याचे आणि बदल मुलाच्या हिताचा असल्याचे सिद्ध करा. 2010 मध्ये विक्रम वीर व्होरा खटल्यात, संमतीने ठरलेल्या अटींनाही हेच लागू केले.

तेव्हा एका वेळची अदलाबदल असेल तर व्हॉट्सॲपवर तारखेसह दोन ओळी पुरतात : ‘तिसऱ्या रविवारऐवजी चौथा, फक्त या महिन्यापुरता.’ समोरच्याचे ‘ठीक आहे’ पुसू नका. बदल कायमचा असेल तर मात्र दोघांनी सह्या करून संमतीची पुरसीस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) द्यावी आणि त्यावर आदेश घ्यावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तेच तो बदलू शकते. घटस्फोट वांद्र्याला झाला असेल तर वांद्रेच गाठावे लागते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली नवा अर्ज करायचा तर मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तो जिल्हा पाहतात. पोराला आपसात ठरवून डोंबिवलीच्या शाळेत घातले असेल, तर अर्ज आपल्या ओरोसच्या जिल्हा न्यायालयात की ठाण्याच्या, इथूनच भांडण.

सगळ्यात जास्त घोळ पोटगीचा. ‘दोन महिने मूल माझ्याकडेच होते, मग पैसे कशाला?’ असे म्हणून बाप परस्पर रक्कम थांबवतो. हुकूम चालू असेपर्यंत थकबाकी चढतच राहते. पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली (जुने कलम 125) ठरली असेल, तर ती बदलायला कलम 146 खाली अर्ज हवा. बायकांनी मात्र दुसरी बाजू ध्यानात ठेवावी : या मार्गाने थकबाकी वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि ‘भावोजींशी बोलून बघू’ यात ते वर्ष सहज निघून जाते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तिथे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.