सी.ए.ची आर्टिकलशिप : जाहिरात न निघणाऱ्या जागेसाठी अर्ज कसा करावा?



बारावीच्या निकालानंतर अक्कलकोट तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही पालकांशी बोलतो, तेव्हा पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंग, आयटीआय ही नावे लगेच निघतात. कॉमर्सला गेलेल्या मुलांबद्दल मात्र ‘बी.कॉम. करील, मग बघू’ एवढेच उत्तर मिळते. तरीही काही मुले-मुली जिद्दीने सी.ए.च्या वाटेला लागतात. फाउंडेशन काढतात, इंटरमिजिएट काढतात. आणि मग अशा एका ठिकाणी अडतात जिथे प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, आरक्षण नाही आणि जाहिरातही क्वचितच निघते. ते ठिकाण म्हणजे आर्टिकलशिप.

परीक्षा पास होण्याबद्दल माहिती देणारे क्लासवाले भरपूर आहेत. ही जागा मिळवायची कशी, हे मात्र ज्यांच्या घरात कोणी सी.ए., व्यापारी किंवा कर सल्लागार आहे त्यांनाच ठाऊक असते. आपल्या घरांत ते सांगणारे कोणी नसते, म्हणून हा लेख.

आर्टिकलशिप म्हणजे काय?

चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याच वर्षी १ जुलै रोजी ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ म्हणजे आयसीएआय ही संस्था सुरू झाली. सी.ए. व्हायचे तर पुस्तके वाचून परीक्षा देणे पुरत नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए.च्या हाताखाली ठरावीक काळ काम शिकावे लागते. त्या सी.ए.ला ‘प्रिन्सिपल’ म्हणतात आणि शिकणाऱ्याला ‘आर्टिकल असिस्टंट’. हे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. या काळात पगार नसतो, पण दरमहा विद्यावेतन म्हणजे स्टायपेंड मिळतो.

जुन्या माहितीवर विसंबू नका. १ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आहे. पूर्वी एक ग्रुप काढूनही आर्टिकलशिप सुरू करता यायची आणि ती तीन वर्षांची होती. आता इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात, आयसीआयटीएसएस हे सुमारे चार आठवड्यांचे प्रशिक्षण (संगणक आणि ओरिएंटेशन) पूर्ण करावे लागते आणि त्यानंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होते. ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. पदवीनंतर थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवणाऱ्यांनाही (कॉमर्ससाठी ५५ टक्के, इतर शाखांसाठी ६० टक्के गुणांची अट) हाच नियम आहे.

दार अरुंद का आहे?

एका सी.ए.ने किती आर्टिकल ठेवायचे याला मर्यादा आहे. ती त्याच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवरून ठरते. त्यामुळे छोट्या ऑफिसमध्ये एखादीच जागा रिकामी होते आणि ती बाहेर कळण्याआधीच भरते. क्लाएंटचा मुलगा, भागीदाराची भाची, क्लासच्या सरांनी सुचवलेला विद्यार्थी, असे ते चालते. प्रत्येक वेळी यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. पण समाजशास्त्र शिकताना ‘ओळखीचे भांडवल’ ही कल्पना आम्ही वाचली होती. तिचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुकान, अडत, कारखाना नव्हता, त्यांच्या मुलांकडे हे भांडवल नसते.

म्हणून हा धंदा आपला नव्हेच, असे मानायचे कारण नाही. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे कॉमर्सच्या कॉलेजात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक तुटले आणि तो बंद पडला. पुढे जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे हिशेबनीस घडवणाऱ्या संस्थेत बाबासाहेब शिक्षक होते! त्याच १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आणि १९५३ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. वाट बाबासाहेबांनी दाखवलेलीच आहे.

अर्ज करण्याआधी

निकाल लागल्यावर शोध सुरू करू नका. निकाल लागला की हजारो मुले एकाच आठवड्यात बायोडेटा पाठवतात. परीक्षा झाल्यापासून निकालापर्यंतचा काळ तयारीचा आहे. त्यात ही कामे उरका :

१. आयसीआयटीएसएसची बॅच लवकर मिळवा. सोलापुरात आयसीएआयची शाखा आहे. जवळची बॅच कुठे आणि कधी, हे तिथे चौकशी करून विचारा.

२. एक्सेल आणि टॅली हाताखालून घाला. वर्ग लावायला पैसे नसतील तर ओळखीच्या दुकानाची महिन्याभराची बिले घेऊन नोंदी करा, बँक स्टेटमेंटशी ताळा जुळवा. मुलाखतीत सांगायला खरे काम मिळते.

३. साधा ई-मेल आयडी काढा. त्यात फक्त नाव असावे.

४. कागद तयार ठेवा : दहावी, बारावी, फाउंडेशन, इंटरमिजिएटच्या गुणपत्रिका, नोंदणीचे पत्र, स्वतःच्या नावाचे बँक खाते.

जागा शोधायची कुठे?

अक्कलकोटमध्ये टॅक्स कन्सल्टंट आणि अकाउंटंट यांची ऑफिसे आहेत. तिथे काम शिकायला मिळेल, पण ते आर्टिकलशिपमध्ये धरले जाणार नाही. प्रिन्सिपल हा पूर्णवेळ प्रॅक्टिस करणारा सी.ए.च असावा लागतो. एखादी व्यक्ती किंवा फर्म आयसीएआयकडे नोंदलेली आहे का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

आयसीएआयचे आर्टिकलशिप प्लेसमेंट पोर्टल आहे, तिथे नाव नोंदवा. पण तेवढ्यावर थांबू नका. सोलापुरातल्या फर्मची यादी करा. वीस-पंचवीस नावे निघतील. प्रत्येकाला स्वतंत्र ई-मेल पाठवा. एकच ई-मेल पंचवीस जणांना एकदम पाठवला की तो कोणीच वाचत नाही. आठवडाभरात उत्तर आले नाही तर बायोडेट्याची प्रत घेऊन स्वतः जा. वेळ निवडताना तारखा लक्षात ठेवा. जुलैअखेर, सप्टेंबर आणि मार्च-एप्रिल या काळात रिटर्न, टॅक्स ऑडिट आणि बँक ऑडिट यांमुळे सी.ए.ला मान वर करायला फुरसत नसते.

अर्जात काय लिहावे?

ई-मेलच्या विषयातच सगळे यावे : आर्टिकलशिपसाठी अर्ज, इंटरमिजिएट दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, अमुक तारखेपासून रुजू होऊ शकतो. आतला मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे. कोणत्या प्रयत्नात पास झालो, किती गुण, आयसीआयटीएसएस पूर्ण झाले की कधी होणार, संगणकाचे काय येते, राहण्याची सोय काय आणि याच फर्ममध्ये का यायचे आहे. शेवटच्या मुद्द्यासाठी फर्मबद्दल थोडी माहिती काढा. सहकारी संस्थांचे, पतसंस्थांचे ऑडिट करते की टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे काम पाहते, एवढे कळले तरी अर्ज इतरांपेक्षा वेगळा होतो.

बायोडेटा एक पानाचा. त्यात जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय लिहायची गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पास झाला असाल तर लपवू नका. गुणपत्रिका सगळे सांगतातच. इंग्रजी कच्चे असेल तर सोपी वाक्ये लिहा आणि पाठवण्याआधी कॉलेजच्या शिक्षकांना दाखवा.

मुलाखतीत

प्रश्न साधे असतात. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांत फरक काय, बँक रिकन्सिलिएशन का करतात, जीएसटीत इनपुट क्रेडिट म्हणजे काय, टीडीएस कोण कापतो. उत्तर येत नसेल तर ‘वाचून सांगतो’ म्हणा, ठोकून देऊ नका. कन्नड येत असेल तर आवर्जून सांगा. सीमेवरच्या आपल्या तालुक्यात ती घरोघरी बोलली जाते आणि सोलापूरच्या बाजारात तिचा उपयोग होतो.

आणि एक प्रश्न कधी कधी येतो : ‘आडनाव काय? मूळ गाव कोणते? कोणत्या गल्लीत राहता?’ तो कशासाठी विचारला जातो हे आपल्या मुलांना लहानपणापासून कळते. आमचे सांगणे एवढेच, की सरळ उत्तर द्या, मान खाली घालू नका आणि लगेच कामाच्या गोष्टीवर या. तिथे जागा मिळाली नाही तर यादीतले पुढचे नाव आहेच. यादी मोठी ठेवायची ती याचसाठी. एका दारावर सगळी आशा ठेवली की एका नकाराने मूल खचते.

होकार देण्याआधी

मध्येच प्रिन्सिपल बदलणे सोपे नसते. त्याची सही आणि संस्थेची मंजुरी लागते. म्हणून हे आधीच विचारून घ्या :

– नोंदणी कधी होणार? प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म १०३ भरायचा असतो, करारनामा फॉर्म १०२ मध्ये होतो. ‘आधी सहा महिने काम कर, मग बघू’ याला होकार देऊ नका.

– स्टायपेंड किती आणि कसा मिळेल? किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर (२० लाख व त्यावर, ४ ते २० लाख, ४ लाखांखाली) आणि प्रशिक्षणाच्या वर्षावर ठरलेली असते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचे, म्हणजे मधल्या गटात. चालू दर संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. रक्कम धनादेशाने किंवा बँक खात्यातच मिळायला हवी.

– काम कोणते? ऑडिट, जीएसटी, आयकर यांपैकी काय शिकायला मिळेल?

– कामाचे तास आणि रजा? आठवड्याला किमान ३५ तास काम अपेक्षित असते. रजा वर्षाला १२. बी.कॉम. सुरू असेल तर फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते.

जागा देण्यासाठी कोणी डिपॉझिट, कर्ज किंवा कसलीही रक्कम मागितली तर ते नियमाविरुद्ध आहे. तिथून उठा. ‘फक्त सही करू, यायची गरज नाही’ असे सांगणारेही भेटतात. अशी खोटी आर्टिकलशिप उघड झाली तर कारवाई होते, आणि नाही झाली तरी दोन वर्षांनी हातात काहीच कसब नसते.

सोलापूर की पुणे?

पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये मोठ्या कंपन्यांचे ऑडिट शिकायला मिळते, स्टायपेंडही जास्त असतो. पण खोलीभाडे आणि मेस त्यात भागेलच असे नाही. सोलापूरच्या छोट्या ऑफिसमध्ये एकच आर्टिकल नोंदीपासून ताळेबंदापर्यंत सगळे काम पाहतो. अक्कलकोट ते सोलापूर साधारण ४० किलोमीटर. एसटीने रोज ये-जा करता येते आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. मुलीला पुण्याला पाठवायला घर तयार नसेल तर सोलापूर हा कमीपणाचा पर्याय नाही. मात्र ऑफिस सुटण्याची वेळ आणि शेवटची गाडी यांचा मेळ आधी घाला.

पैशाबाबत एक सावधगिरी. सी.ए.साठी वेळ मिळावा म्हणून बरीच मुले नियमित बी.कॉम. सोडून मुक्त विद्यापीठात जातात. पण समाजकल्याण विभागाचे वसतिगृह आणि २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना (पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत) यांचा आधार नियमित प्रवेश हा आहे. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचा अर्जही कॉलेजमार्फतच जातो. तेव्हा प्रवेश बदलण्याआधी सोलापूरच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. आयसीएआयच्या स्वतःच्याही गरजू आणि दुर्बल घटकांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. त्यांच्या सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर येतात.

समाजाने काय करावे?

सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. आज आपल्यात शिक्षक आहेत, बँक अधिकारी आहेत, ठेकेदार, दुकानदार, डॉक्टर आहेत. पतसंस्था आणि विहारांचे ट्रस्ट आहेत. हे सगळे दरवर्षी कुठल्या तरी सी.ए.कडे रिटर्न भरतात, ऑडिट करून घेतात, त्याची फी देतात. म्हणजे आपणही क्लाएंट आहोत. क्लाएंटच्या शब्दाला त्या ऑफिसात वजन असते आणि इतर समाज ते वजन आपल्या मुलांसाठी वापरत आले आहेत.

यंदा रिटर्न भरायला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा : तुमच्याकडे आर्टिकलची जागा कधी रिकामी होते? आणि आमच्याकडची इंटर पास झालेली मुलगी मुलाखतीला पाठवू का? उत्तर आले की ते वस्तीतल्या कॉमर्सच्या मुलांपर्यंत पोहोचवा, विहारातल्या फळ्यावर लिहा. मुलाखत ती मुलगी स्वतःच्या बळावर देईल. तिला फक्त दार कुठे आहे ते कळायला हवे.