चिप तीच, वॅट वेगळे

इंटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये डेस्कटॉपसाठी कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर बाजारात आणला आणि जानेवारी २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी कोअर आय९-१३९८०एचएक्स जाहीर केला. पहिला ऐसपैस कॅबिनेटमध्ये बसतो, दुसरा बॅगेत मावणाऱ्या यंत्रात. पण दोघांच्या आतला सिलिकॉनचा तुकडा पाहा: आराखडा एकच! आकार जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर. त्यात २४ कोअर, म्हणजे ८ दांडगे आणि १६ काटकसरी, शिवाय तेवढीच ३६ एमबीची कॅशे, म्हणजे चिपवरचीच झटपट स्मृती. लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा अशक्त धाकटा भाऊ, ही समजूत इथे टिकत नाही.

मग फरक कशात? किती वीज खायची परवानगी आहे, यात. डेस्कटॉपच्या चिपला जास्तीत जास्त २५३ वॅटची मुभा, लॅपटॉपच्या चिपला १५७ वॅटची. सलग कामासाठी ठरवलेले मूळ आकडे तर १२५ आणि ५५, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आता कमाल वेग पाहा: ५.८ गिगाहर्ट्झ आणि ५.६ गिगाहर्ट्झ. फरक साडेतीन टक्क्यांचा! हा वेग मोजकेच कोअर धावत असतानाचा आहे हे खरे. पण फाइल उघडणे, वेबपान दाखवणे अशी बरीचशी रोजची कामे मोजक्या कोअरवरच होतात. ५.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५६० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा पाच सेंटिमीटरांच्या थोडाच पुढे जातो. मांडीवरच्या यंत्रात हे घडते आहे, याची सवय मला तरी अजून झालेली नाही.

सगळे कोअर एकदम कामाला लागले, की विजेची मर्यादा खरी जाणवते. तिथे एक सुंदर गणित आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. शिवाय वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावेच लागते, नाहीतर ट्रान्झिस्टर वेळेत उघडझाप करू शकत नाहीत. म्हणजे वेगाची किंमत जवळजवळ घनाच्या हिशेबाने मोजावी लागते. उलट बाजूने पाहा: वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. पाचवा हिस्सा वेग सोडला आणि जवळपास निम्मी वीज वाचली! याच ढोबळ हिशेबाने, २५३ ऐवजी १५७ वॅट मिळालेल्या चिपला ८५ टक्क्यांच्या आसपास वेग राखता यायला हवा. डेस्कटॉपची चिप चढाच्या अगदी शेवटच्या, सर्वांत महागड्या टप्प्यावर उभी असते. लॅपटॉपची चिप त्याच्या थोडी खाली थांबते आणि बरेच काही वाचवते.

एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, तयार झालेले तुकडेही अगदी सारखे नसतात. काहींतून बंद अवस्थेतही जास्त वीज झिरपते, काही कमी व्होल्टेजवरही नीट चालतात. ते तपासून वेगळे काढतात, आणि कमी विजेत चालणारे तुकडे लॅपटॉपसाठी मोलाचे ठरतात.

आता उष्णता. प्रोसेसरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. घरातली १,००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ दीड-दोनशे चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाच-सात वॅट. पूर्ण जोर लावलेल्या डेस्कटॉप चिपवर हाच आकडा १०० वॅटच्या जवळ जातो आणि लॅपटॉपच्या चिपवर ६० च्या. इस्त्रीने तापायचेच असते, चिपला मात्र १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला मनाई आहे. तो आकडा गाठताच ती स्वतःच वेग कमी करते.

डेस्कटॉपमध्ये या उष्णतेला जायला जागा असते: वीतभर उंचीचा कूलर, मोठे संथ पंखे, हवे तर पाणी खेळवणाऱ्या नळ्या. लॅपटॉपमध्ये उंचीच नाही. तिथे काम करतात हीट पाइप, म्हणजे तांब्याच्या चपट्या, बंद नळ्या. आतली हवा काढून थोडेसे पाणी भरलेले असते. दाब इतका कमी, की पाणी १०० अंशांच्या बऱ्याच आधी उकळते. चिपजवळ वाफ होते, पंख्याजवळच्या थंड टोकाला धावते, तिथे तिचे पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते शोषले जाऊन पुन्हा चिपजवळ येते. ना पंप, ना मोटर. तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्याच्या कांबीपेक्षा ही नळी कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेते. लॅपटॉपमधली सर्वांत देखणी गोष्ट कोणती असे कुणी विचारले, तर मी प्रोसेसरआधी हिचे नाव घेईन.

तरी बाहेरच्या हवेपुढे तिचाही इलाज चालत नाही. २५ अंशांच्या खोलीत चिप आणि हवा यांच्यात जास्तीत जास्त ७५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ वर असेल आणि खोली तेवढीच तापली असेल, तर उरतात ५५. उष्णता फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे तोच लॅपटॉप पावपटीहून अधिक क्षमता गमावतो.

बॅटरीची मर्यादा निराळीच. विमानात विशेष परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठे लॅपटॉपही त्या आकड्याच्या आत राहतात. एकट्या प्रोसेसरने १५७ वॅट ओढले, तर ती ३८ मिनिटांत संपेल. त्यामुळे चार्जर काढताच असे यंत्र आपला वेग आवरते.

या अडचणींनीच एकदा डेस्कटॉपला वाचवले. २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले, पण उष्णता आवरेना. इंटेलने त्यापुढची तेजस नावाची चिप रद्द केली, ४ गिगाहर्ट्झचा बेतही सोडला. त्याआधी, २००३ मध्ये, इस्रायलमधल्या हैफा इथल्या त्यांच्याच चमूने खास लॅपटॉपसाठी पेंटियम एम घडवला होता: ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात काम जास्त. त्याच वंशातून २००६ चा कोअर २ डुओ आला आणि ६५ वॅटमध्ये त्याने डेस्कटॉपचे मैदान मारले. २०२० मध्ये ॲपलने एम१ ही एकच चिप बिनपंख्याच्या मॅकबुक एअरमध्येही बसवली आणि टेबलावरच्या मॅक मिनीमध्येही.

म्हणून लॅपटॉप घेताना नुसते 'आय९' वाचून थांबू नका. १३९००के मध्ये २४ कोअर आहेत, १३९००एच मध्ये १४. शेवटचे अक्षर पाहा: या पिढीत यू म्हणजे मूळ १५ वॅट, एच म्हणजे ४५, एचएक्स म्हणजे ५५. आणि हे मॉडेल प्रोसेसरला सलग किती वॅट पुरवते, ते विक्रेत्याला विचारा किंवा परीक्षणात शोधा, कारण एकच चिप जाड लॅपटॉपमध्ये धावते आणि पातळ लॅपटॉपमध्ये लवकर दमते. डेस्कटॉपचा प्रोसेसर पुढे बदलता येतो. लॅपटॉपचा बोर्डावर सोल्डर केलेला असतो.