जागतिक बॅले दिन : तालीमघरातून थेट

● नांदी : मार्च २०१२. लंडनच्या रॉयल बॅलेने आपला कामाचा दिवस यूट्यूबवर थेट दाखवला.

● पहिला दिन : १ ऑक्टोबर २०१४.

● त्या दिवशीच्या पाच कंपन्या, पूर्वेकडून पश्चिमेकडे : ऑस्ट्रेलियन बॅले (मेलबर्न), बोल्शोय (मॉस्को), रॉयल बॅले (लंडन), नॅशनल बॅले ऑफ कॅनडा (टोरांटो), सॅन फ्रान्सिस्को बॅले. एकीकडचे प्रक्षेपण संपले की पुढच्या शहरातले सुरू झाले.

● काय पाहाल : रोजचा क्लास. आधी आडवा दांडा धरून प्लिए (गुडघे वाकवणे), तांद्यू (पाय ताणून सरकवणे). मग दालनाच्या मध्यभागी संथ हालचाली, गिरक्या आणि शेवटी मोठ्या उड्या. साथीला बहुधा पियानो.

● त्यानंतर : तालीम. प्रशिक्षक मध्येच थांबवतात, हाताचा कोन सुधारतात, तोच तुकडा पुन्हा करून घेतात. प्रमुख नर्तकही यातून सुटत नाहीत.