आश्रयार्थींची परभूमीवरील छाननी

आपल्या सीमेवर वा किनाऱ्याजवळ आलेल्या आश्रयार्थींना स्वतःच्या भूमीवर न ठेवता दुसऱ्या देशात वा दूरच्या बेटावर नेऊन तेथे त्यांच्या अर्जांची चौकशी व निवाडा करण्याच्या पद्धतीस परभूमीवरील छाननी म्हणतात. या पद्धतीविषयी काही गैरसमज सुशिक्षितांतही इतके रूढ आहेत, की त्यांचा विचार प्रथम करावा लागतो.

मूळ घोटाळा शब्दांचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे, धरणात गाव बुडालेले शेतकरी आणि परदेशातून पळून आलेले लोक या सर्वांना मराठीत सरसकट ‘निर्वासित’ म्हटले जाते. निर्वासितविषयक १९५१ चा करार व १९६७ चा पूरक करार यांतील व्याख्या पुष्कळच काटेकोर आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने जी व्यक्ती स्वदेशाबाहेर आहे, ती निर्वासित होय. असा दावा केलेली, परंतु ज्याचा निर्णय अद्याप लागलेला नाही, अशी व्यक्ती म्हणजे आश्रयार्थी. परवान्याविना आलेला आश्रयार्थी आपोआप गुन्हेगार ठरतो, हा समजही बरोबर नाही. धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेल्या व विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन योग्य कारण दाखविणाऱ्या निर्वासितास बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे कराराचा ३१ वा अनुच्छेद सांगतो. भारत या करारात सहभागी नाही.

व्याख्येबाहेर किती माणसे राहतात, हे परभणी जिल्ह्याच्या इतिहासावरूनही दिसते. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यातून अनेक कुटुंबे सीमा ओलांडून लगतच्या वऱ्हाडात व मुंबई प्रांतात गेली. परभणी जिल्हा (त्यात तेव्हा हिंगोलीचाही समावेश होता) वऱ्हाडास लागूनच होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर परतीची वाट मोकळी झाली. हे लोक कोणत्या अर्थाने ‘परदेशात’ गेले होते, याचे नेमके उत्तर त्या वेळच्या कायद्यातही नव्हते.

परभूमीवरील छाननीचा आरंभ ऑस्ट्रेलियाने केला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः अमेरिकेने १९८१ पासून हैतीच्या आश्रयार्थींच्या नौका समुद्रातच अडविण्यास सुरुवात केली होती आणि १९९१ मध्ये अशा हजारो लोकांना क्यूबामधील ग्वांतानामो तळावर ठेवले. ऑस्ट्रेलियाचे धोरण ऑगस्ट २००१ मधील ‘टाम्पा’ प्रकरणातून उद्‌भवले. या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचविलेल्या ४३३ जणांना उतरू न देता नाउरू बेट व पापुआ न्यू गिनीतील मानुस बेट येथे केंद्रे उघडण्यात आली. ती २००८ मध्ये बंद झाली व २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

छाननीत निर्वासित ठरलेल्यास केंद्र चालविणाऱ्या देशात प्रवेश मिळतो, हा सर्वांत घातक गैरसमज होय; केंद्रात वर्षानुवर्षे थांबलेल्यांपैकी अनेकांची प्रारंभी तीच आशा होती. जुलै २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने जाहीर केले, की यापुढे नौकेने येणाऱ्या कोणासही, तो खरा निर्वासित ठरला तरी, ऑस्ट्रेलियात वसविले जाणार नाही. यजमान देशावर सारी जबाबदारी जाते, हेही खरे नाही. पाठविणाऱ्या राज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण जेथवर असते, तेथवर त्याचे दायित्व राहते, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयाने वारंवार मांडले आहे. मानुस येथील स्थानबद्धता पापुआ न्यू गिनीच्याच सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरविली. ब्रिटनची रुआंडा योजना (२०२२) तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बेकायदा ठरविली व २०२४ मध्ये ती सोडून देण्यात आली.

ही पद्धत स्वस्त पडते, असेही म्हणतात. आकडे उलट सांगतात. या पद्धतीमुळे नौका थांबतात, या दाव्याचे मूल्यमापन अधिक अवघड आहे. २०१२ मध्ये केंद्रे पुन्हा उघडल्यावरही नौका वाढतच राहिल्या. त्या कमी झाल्या त्या मुख्यतः २०१३ च्या उत्तरार्धात नौका समुद्रातून परत फिरविण्यास आरंभ झाल्यानंतर.

आपल्याकडील निर्वासितांच्या छावण्यांस या केंद्रांच्या पंक्तीस बसविणे चूक आहे. पण कोल्हापूरजवळील वळिवडे येथील पोलिश छावणीचे उदाहरण (१९४३–४८) विचार करावयास लावणारे आहे. पूर्व पोलंडमधून १९४०–४१ मध्ये सोव्हिएट राजवटीने हद्दपार केलेले हे लोक १९४१ च्या करारानंतर सुटले, इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांपैकी सु. ५,००० जण, बहुतांश स्त्रिया व मुले, वळिवड्यास आले. येथे त्यांना कोणी दावा सिद्ध करावयास लावले नाही. छावणीत शाळा, चर्च, रुग्णालय व बालवीर पथके होती. खर्चाची जबाबदारी लंडनमधील निर्वासित पोलिश शासनाची होती. मात्र जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या शासनाची मान्यता काढून घेतली आणि त्यांचे भवितव्य एकाएकी अधांतरी झाले. पोलंडमध्ये परतावे, तर अनेकांची मूळ गावे आता सोव्हिएट संघात गेलेली होती. न परतावे, तर कोणता देश घेईल? ब्रिटनच्या आज्ञेखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबीयांना ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला. ज्यांचा असा कोणी नातलग नव्हता, त्यांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांची वा अन्य देशांच्या होकाराची वाट पाहावी लागली. छळ झाल्याविषयी कोणासच शंका नव्हती; निवड मात्र नात्यावर ठरली आणि ती करणारे हजारो मैल दूर होते. कोल्हापूरच्या जनतेचा वा खुद्द या स्त्रियांचा तीत फारसा शब्द नव्हता.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. त्याच जागी सिंधमधून आलेल्या कुटुंबांना वसविण्यात आले आणि तेथील वसाहत पुढे गांधीनगर या नावाने कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आली.