संत्र्याची साल चालत नाही

शनिवार, सकाळची शाळा. पारशिवनीतल्या या शाळेच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकखोलीच्या भिंतीशी विटा-सिमेंटचं टाकं आहे. भोवती चार बोटं रुंद पन्हळ, तिच्यात पाणी. मुंग्या आत शिरू नयेत म्हणून. वर तुराट्यांचा मांडव. फेब्रुवारी सरतोय. मे महिन्यात इथला पारा ४५ला टेकला, की या सावलीशिवाय गांडुळांचं काही खरं नाही.

आज खत काढायचंय. चार दिवस टाक्याला पाणी दिलेलं नाही. सातवीची मुलं वरचा थर घमेल्यांनी ताडपत्रीवर ओततात, उजेडात त्याचे ढीग लावतात आणि थांबतात. उजेड नको म्हणून गांडुळं तळाकडे जातात, मग वरचं चायपत्तीसारखं खत हातानं ओढून घ्यायचं, पुन्हा थांबायचं. या वयाच्या पोरांना पंधरा मिनिटं गप बसवणारा दुसरा तास मी पाहिलेला नाही.

"मॅडम, याइले डोये नसते, मंग उजीड कसा समजते जी?"

"कातडीनं, बाबू. श्वासही तिनंच घेतात. म्हणून तर ओलावा पाहिजे."

मग मॅडम डार्विनची गोष्ट सांगतात. त्यानं गांडुळांसमोर पियानो वाजवला, ती ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला, तेव्हा मात्र झटक्यात बिळात. १८८१ साली त्यानं गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं. गोष्ट संपायच्या आत एकानं ढिगाशी शिट्टी फुंकलेली असते. काही नाही. दुसरा ताडपत्रीशेजारी पाय आपटतो, आणि बाहेर लोंबणारं एक लालसर टोक आत ओढलं जातं.

"आयकू नाई येत, पण समजते बे!"

ही शेतातली जाडी गांडुळं नव्हेत. आयसेनिया फेटिडा, बारीक, वरच्या कुजक्या थरातच राहणारी, आणि खाण्याच्या बाबतीत भलती चोखंदळ. आलूची सालं, वांग्याची देठं, सांभाराच्या काड्या चालतात. स्वयंपाकवाल्या ताई फोडणीआधीच ते वेगळं काढून ठेवतात. गेल्या महिन्यात कोणीतरी उष्टी खिचडी ओतली. तिखट, मीठ, तेल. दोन दिवसांत वास सुटला आणि सगळी गांडुळं एका कोपऱ्यात गोळा झाली.

मृगबहाराची संत्री आलीयत, त्यामुळे डब्यागणिक साल. एक मुलगी मूठभर घेऊन येते.

"संत्र्याची नोको टाकू वं, जयते त्याइले!"

संत्र्यांच्या मुलखातलं टाकं, आणि त्यात संत्र्यालाच मज्जाव. ती मूठ मिटून तिथंच उभी राहते.

पलीकडे बादलीत चाचणीचे जुने पेपर भिजतायत. चकचकीत कागद बाजूला. बाकीचे फाडून, पिळून, अर्धवट कुजलेल्या शेणावर अंथरायचे. ताजं शेण तापतं, त्यात गांडुळं मरतात. एक जण वीसपैकी सहा गुणांचा पेपर शोधून काढतो आणि सगळ्यात आधी तोच फाडतो, अगदी बारीक.

तेवढ्यात खत चाळणाऱ्या मुलाच्या बोटाला काहीतरी चिकटतं. मोहरीपेक्षा जरा मोठं, पिवळसर, दोन्ही टोकांना लिंबासारखं निमुळतं. सगळी डोकी त्याच्या बोटावर वाकतात.

"अंडकोष आहे," मॅडम म्हणतात. "एकातून दोन-तीन पिल्लं निघतात, कधी जास्तही. तीनेक आठवडे लागतात."

"म्हंजे परीक्षेच्या आंधी," तो हिशेब करतो, आणि बोटाच्या टोकानं तो दाणा ओल्या कागदाखाली सरकवतो.